कुचुकचं घर

नारिनच्या आमच्या कार्यशाळेत
पहिला हात मी बनवला तो बघणाऱ्यांसाठी.
पाच बोटं, नखांसकट.
रंग यादीत 'त्वचा' म्हणून छापलेला,
या खोऱ्यात अजून कुणाच्या अंगावर न दिसलेला.
बेगाइमची आई तो कुरवाळत रडली,
म्हणाली, अगदी खरा वाटतो.
बेगाइम काही बोलली नाही.

आठवड्याने हात पिठाच्या डब्यात सापडला.
मग गोठ्यात, गवताखाली.
तिसऱ्यांदा सापडलाच नाही.

गवताचे भारे बांधणारं यंत्र, ऑगस्ट, वय सात –
तिच्या फायलीत याबद्दल दीड ओळ आहे.
मी तेवढीच वाचतो.

माझे वडील खोगिरं शिवायचे.
म्हणायचे, टोचतं का हे स्वाराला काय विचारतोस,
घोड्याच्या पाठीला विचार.
म्हणून आईला बाहेर चहा दिला
आणि मी जमिनीवर बसलो,
कोपराखाली जेवढं उरलंय
त्याच्या डोळ्याला डोळा भिडेल असा.
"याला काय हवंय?"

मी थट्टा करतोय का, हे तिने बराच वेळ पारखलं.
मग म्हणाली, "याचं नाव कुचुक."
कुचुक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू.
त्याला थंडी वाजते.
रात्री ते खाजवत बसतं, नसलेल्या पंजाने.
त्याला बोटं नकोत.
त्याला चुको खेळायचंय.

चुको म्हणजे मेंढीच्या घोट्याची हाडं,
सागरगोट्यांहून थोडी मोठी.
रिंगणात मांडायची, एकाने बाकीची उडवायची.
गल्लीत तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता,
आणि तो उजव्या हाताचा होता.

जुन्या मोस्क्विचच्या दाराची स्प्रिंग काढली.
पहिल्याच फेकीला हाड खिडकी फोडून
पतपेढीच्या अंगणात.
ती इतकी हसली की तिला उचकी लागली.
हिशेबनीस नुरझिदाने विचारलं,
काच कुठल्या खात्यात टाकू?
मी म्हटलं, संशोधन.

चौदा वेळा चुकलं.
आतून लोकरीचं नमदं लावलं, कुचुकला ऊब हवी म्हणून.
बाहेरून रंग पिकल्या जर्दाळूचा.
मनगटापाशी हाडं ठेवायला चोरकप्पा,
झाकण 'टक्' वाजणारं; ती अट तिची.
कान तिनेच काढून दिले,
एक उभा, एक पडलेला.

राजधानीतून साहेब आले.
म्हणाले, हात हातासारखा दिसायला हवा.
मी मान डोलावली.
खोगीर कुठे घोड्यासारखं दिसतं?

नोव्हेंबरात शाळेची चिठ्ठी आली:
गणिताच्या तासाला हात खुळखुळतो.
मधल्या सुट्टीत तो घालून बघायला रांग लागते.
एक मुलगा आपला धडधाकट हात
बाहीत दुमडून बसतो
आणि मलाही कुचुक हवं म्हणतो.
कृपया काहीतरी करावे.

मी ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवली.
दुसरं काही केलं नाही.

सगळं सुरळीत झालंय असं नाही.
वेणी अजून आईच घालते.
कडाक्याच्या थंडीत स्प्रिंग आखडते,
मग बेगाइम हरते, आणि हरली की
हातालाच शिव्या देते, घाणेरड्या,
आजोबांकडून शिकलेल्या.

एप्रिलमध्ये हात आखूड पडला.
तिने तो टेबलावर काढून ठेवला.
आतली लोकर झिजून गुळगुळीत,
तळाशी बिस्किटाचा चुरा.
"या वर्षी शेपूट बसेल का?
हलणारी?"

हलायला मोटर लागेल. मोटरला पैसे.
पैशाला साहेब.
मी म्हटलं, आधी माप तर घेऊ.

तिने बाही वर सारली.
टेप रात्रभर खिडकीत पडून गार झाली होती.
मी ती आधी मुठीत धरून बसलो,
थोडा वेळ.